जुना सीको क्वार्ट्झ क्रोनोग्राफ: दुरुस्ती आणि पाण्यापासून बचाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुवेत, मस्कत, दुबईला नोकरीला गेलेल्या माणसांनी ऐंशीच्या दशकात घरी आणलेली घड्याळं कोकणात आणि मुंबईत अजून पुष्कळ कपाटांत पडून आहेत. त्यांतली बरीच सीकोची. तीन छोट्या डायलांचा स्टीलचा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) सापडला की लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे चालू होईल का? आणि पाण्यात चालेल का?" या दोन प्रश्नांच्या पोटातून निघालेले बाकीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सीकोच्या ७ए२८ आणि ७ए३८ या मशीनना धरून आहेत, पण पाण्याबद्दलचा बहुतेक भाग त्या काळच्या कुठल्याही क्वार्ट्झ घड्याळाला लागू पडेल.

१. माझ्याकडचं घड्याळ ७ए२८ आहे हे कसं ओळखायचं? त्यात एवढं विशेष काय?

मागचं झाकण पाहा. त्यावर दोन गटांत आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ७ए२८-७०४०. पहिले चार म्हणजे आतलं मशीन, पुढचे चार म्हणजे केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी. सुटा भाग शोधताना दोन्ही लागतात, म्हणून एक फोटो काढून ठेवा.

७ए२८ हा १९८३ साली आलेला, काट्यांचा जगातला पहिला क्वार्ट्झ क्रोनोग्राफ. त्यात चार वेगळ्या मोटर आहेत, १५ ज्वेल (चक्रांच्या आसांसाठी खड्यांची बेअरिंग) आहेत आणि मशीन जवळजवळ पूर्ण धातूचं आहे. स्क्रू काढून ते संपूर्ण उघडता येतं, साफ करता येतं, तेल देऊन पुन्हा जोडता येतं. नंतरच्या अनेक क्वार्ट्झ मशीनमध्ये प्लॅस्टिक आलं आणि "बिघडलं की मशीनच बदला" ही रीत पडली. हे मशीन दुरुस्त करता यावं म्हणून बनवलेलं आहे, आणि माझा जीव त्यावर जडला तो यासाठीच. ७ए३८ हे त्याचंच वार आणि तारीख असलेलं भावंड, तर ७ए४८ मध्ये चंद्रकला दिसते. ओरिएंट आणि येमा या नावांच्या काही घड्याळांतही हेच मशीन आहे. सुटे भाग शोधताना ही माहिती फार कामाला येते (प्र. ८).

२. ते कोणत्या साली बनलं?

झाकणावर सहा आकड्यांचा अनुक्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी हे रोमन अक्षर असतं. क्रमांक ४३ ने सुरू होत असेल तर मार्च १९८४. दशक आपल्याला ओळखावं लागतं, पण ७ए२८ च्या बाबतीत ते सोपं आहे.

३. कोणता सेल घालायचा? दुकानात तिघांनी तीन नंबर सांगितले.

एसआर९३६एसडब्ल्यू, म्हणजेच ३९४. सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा. याच मापाचा ३८० नंबरचा सेलही मिळतो. तो जास्त वीज ओढणाऱ्या, दिवा किंवा अलार्म असलेल्या घड्याळांसाठी आहे. बसतो, चालतोही, पण या मशीनला ३९४ च योग्य.

पुठ्ठ्यावर दहा-दहाच्या पट्टीत मिळणारा एजी९ मात्र घालू नका. मापाने तो तंतोतंत बसतो, त्यामुळे फसायला होतं. तो अल्कलाइन सेल आहे. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि संपल्यावर तो फुटून गळण्याची शक्यता जास्त असते. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या मशीनपैकी निम्म्याहून अधिक गळक्या सेलने गेलेली होती.

४. नवीन सेल घातला तरी काहीच हलत नाही. गेलं का?

एवढ्यावरून नाही. या क्रमाने पाहा.

आधी सेल मल्टिमीटरवर तपासा, कारण दुकानातला "नवीन" सेल कित्येकदा जुना असतो. मग सेलच्या खालची पट्टी भिंगातून बघा. ती दबलेली, काळवंडलेली किंवा हिरवी पडलेली असेल तर वीज आत पोचतच नाही (प्र. ५). सेलखालचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा जागेवर आहे ना? मागच्या वेळी सेल बदलणाऱ्याने तो कचरा समजून फेकला असेल तर शॉर्ट होतो.

एवढं ठीक असेल तर चावी (वेळ लावायची बाजूची घुंडी) नीट आत दाबली आहे का पाहा. चावी बाहेर असताना मशीन मुद्दाम थांबतं. हास्यास्पद वाटेल, पण हे कारण खरोखर निघतं.

त्यानंतर कॉइल, म्हणजे मोटरचं बारीक तारेचं वेटोळं. चार मोटर म्हणजे चार कॉइल. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांना लावा. काहीतरी आकडा आला तर कॉइल जिवंत, काहीच आला नाही तर तार तुटलेली. ही तार डोक्याच्या केसापेक्षा बारीक असते. मल्टिमीटरची टोकदार सुई तिला लागली तर चांगली कॉइलही जागच्या जागी मरते, म्हणून फक्त टोकाच्या सोनेरी पट्ट्यांना स्पर्श करा.

कॉइल चारही चांगल्या आणि तरी हालचाल नाही, तर घट्ट झालेलं तेल किंवा सर्किट. तेलाचं प्र. ७ मध्ये आहे.

५. सेल गळून आत हिरवट-पांढरं साचलंय. काय करू?

हा क्षार आहे, आम्ल नव्हे. सिल्व्हर ऑक्साइड सेलमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. म्हणून सर्किट काढून वेगळं करायचं आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा फक्त डाग पडलेल्या जागी फिरवायचा. मग डिस्टिल्ड वॉटरचा बोळा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळू द्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात.

डाग कॉइलपर्यंत गेला असेल तर तिथे व्हिनेगर लावू नका. तांब्याची तार आधीच खाल्लेली असते, तुमच्या बोळ्याने उरलेलीही जाईल.

६. स्टॉपवॉच थांबवून शून्यावर आणलं तर काटा १२ वर न थांबता बाजूला थांबतो. बिघाड आहे?

बहुतेक वेळा नाही. सेल बदलल्यावर मशीनला काटे कुठे आहेत हे कळत नाही. ते जिथे असतील तिथेच ते "शून्य" धरतं. चावी बाहेर ओढा आणि एकेक बटण दाबून बघा. प्रत्येक बटण एका काट्याला पुढे नेतं. तिसरं बटण १० च्या जागी असेल तर तेही वापरा. सगळे काटे शून्यावर आले की चावी आत. क्वार्ट्झ क्रोनोग्राफ "नीट चालत नाही" म्हणून मातीमोल किमतीत विकले जातात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

बटणांनी काटा शून्याच्या जवळ येतो पण अर्ध्या घराचा फरक राहतोच, असं असेल तर तो काटा कधीतरी काढून पुन्हा चुकीचा बसवलेला आहे. तो उचलून नीट दाबावा लागेल, आणि हे काम सवय असलेल्या हातानेच करावं.

७. क्वार्ट्झला सर्व्हिसची गरज नसते म्हणतात. खरं का?

नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याला काही होत नाही. पण मोटरपासून काट्यांपर्यंत दातेरी चक्रं आहेत, त्यांना बेअरिंग आहेत, तेल आहे. चाळीस वर्षांत ते तेल वाळून डिंकासारखं होतं. मोटरची ताकद मुळातच अत्यल्प. ती अडखळायला लागली की वीज जास्त खाते, सेल लवकर संपतो. वर्षा-दीड वर्षातच सेल जात असेल तर दोष सेलला देऊ नका, मशीन उघडून साफ करून घ्या.

घरी करणाऱ्यांसाठी तीन सावधगिऱ्या. एक, सर्किट, कॉइल आणि डायल कधीही अल्ट्रासॉनिक सफाई यंत्रात टाकायची नाही. दोन, मोटरच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) चुंबक असतो, त्याला लोखंडाचा बारीक कण चिकटला की मोटर अडते, म्हणून रोटरसाठी पितळी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा आणि चिकटमातीने कण टिपून घेणं. तीन, तेल कमीच. टोकाएवढा थेंबही या मशीनला जास्त होतो.

८. सुटे भाग मिळतात का?

कंपनीकडून नव्याने मिळणं आता जवळपास संपलं आहे. दुसरं बंद पडलेलं घड्याळ घ्यायचं आणि त्यातला भाग काढायचा, हाच मार्ग. वेगळ्या केसमधलं पण त्याच मशीनचं घड्याळ चालतं, म्हणून प्र. १ मधली नावं लक्षात ठेवा. मात्र केस, काच, चावी, बटणं यांना शेवटचे चार आकडे जुळावे लागतात.

९. मागे "वॉटर रेझिस्ट" लिहिलंय, काहींवर १० बार. मग पोहायला घालू का?

नाही. १० बार (अर्थ प्र. १० मध्ये) हे त्या घड्याळाच्या कारखान्यातून निघालेल्या दिवसाचं वर्णन आहे. ते खरं करून दाखवत होत्या त्या आतल्या रबराच्या रिंगा, आणि रबराला चाळीस वर्षं म्हणजे म्हातारपण. जुन्या घड्याळांतून मी काढलेल्या रिंगांतल्या काही चिमट्यात धरताच मोडल्या, काही तर डांबरासारख्या केसला चिकटलेल्या होत्या.

रिंगा नव्या घातल्या आणि चाचणी झाली, तरी माझं मत तेच राहतं. रिंग बदलण्याचा हेतू घाम, पावसाचे शिंतोडे आणि दमट हवा मशीनपर्यंत पोचू नये, एवढाच ठेवावा. सुटे भाग मिळत नाहीत अशा मशीनला घेऊन पाण्यात उतरणं मला पटत नाही.

१०. बार आणि मीटर यांचा अर्थ काय? हात जोरात मारला की दाब कितीतरी पटीने वाढतो हे खरं आहे?

१० मीटर पाण्याच्या खाली साधारण १ बार जास्तीचा दाब असतो, म्हणून १० बार म्हणजे १०० मीटर. हा स्थिर दाब आहे, प्रयोगशाळेत यंत्रात दिलेला.

हात मारल्याने दाब वाढतो, पण ऐकीव गोष्टींइतका नाही. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने पाण्यातून गेला तर वाढीव दाब सुमारे ०.१२५ बार होतो, म्हणजे सव्वा मीटर खोलीइतका. घड्याळं पोहताना बुडतात ती यामुळे नव्हे. म्हाताऱ्या रिंगा, पाण्याखाली दाबलेलं बटण (प्र. १७), अर्धवट बाहेर राहिलेली चावी आणि तापमानातला फरक, हे खरे शत्रू.

तापमानाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. उन्हात ५० अंशांपर्यंत तापलेलं घड्याळ २५ अंशांच्या विहिरीच्या पाण्यात बुडवलं तर आतली हवा आकसते आणि तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. बारीकशी फट असली तर घड्याळ स्वतःच पाणी आत ओढून घेतं. पाऊण मीटर खाली बुडवल्याइतका तो ओढा असतो, आणि तुम्ही फक्त हात धुतलेला असतो.

११. पाणी नेमकं कुठून शिरतं?

चार जागा आहेत: मागचं झाकण, काच, चावी आणि बटणं. क्रोनोग्राफला दोन किंवा तीन बटणं असतात, म्हणजे साध्या घड्याळापेक्षा तेवढी भोकं जास्त. दुरुस्ती करणारे बहुतेक जण फक्त झाकणाची रिंग बदलतात, कारण ती समोर दिसते. या घड्याळांत पाणी शिरतं ते बहुधा बटणांकडून.

१२. बटणांच्या रिंगा कशा बदलायच्या?

मशीन केसमधून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय हात लावू नका. बटणाचा दांडा आतून एका बारीक क्लिपने अडकवलेला असतो. क्लिप काढली की बटण आणि स्प्रिंग बाहेर येतात, दांड्यावर किंवा केसमधल्या नळीत रिंग दिसते.

ही क्लिप उडते. ती जमिनीवर पडली तर संपलं, म्हणून घड्याळ आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालून काम करा. मी अजूनही असंच करतो.

बटण निघाल्यावर नळीत काळा-हिरवा मळ सापडेल, घाम आणि साबणाचा. "बटण अडकतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. टूथपिकने आणि अल्कोहोलने नळी साफ करा, टोकदार पोलादाने खरवडू नका, कारण आतला ओरखडा म्हणजे पाण्यासाठी कायमची वाट. रिंगेचं माप घेताना जुन्या रिंगेवर विसंबू नका, ती दबून बारीक झालेली असते. दांड्याची खाच आणि नळीचा आतला व्यास मोजा. नायट्राइल रबराच्या रिंगा घड्याळाचं सामान विकणाऱ्यांकडे मापानुसार मिळतात.

चावीची गोष्ट वेगळी. बऱ्याच चाव्यांत रिंग एका धातूच्या वॉशरमागे दाबून बसवलेली असते आणि ती बदलता येत नाही. चावीच बदलावी लागते.

१३. रिंगेला कोणतं ग्रीस?

सिलिकॉन ग्रीस, तेही नुसतं चकाकण्याइतकं. ग्रीस फट बुजवत नाही, ते फक्त रिंगेला पीळ न पडता बसायला मदत करतं. व्हॅसलीन किंवा शिवणयंत्राचं तेल नको, ते कित्येक प्रकारचं रबर फुगवतं. रिंगच सिलिकॉन रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावत नाहीत.

१४. काचेवर ओरखडे आहेत. बदलली तर पाण्याला धोका?

काच प्लॅस्टिकच्या रिंगेत दाबून बसवलेली असते. काच बदलताना ती रिंगही नवी घ्यायची, आणि दाबयंत्रावर सरळ बसवायची. गोंदाने चिकटवलेली काच मला चालत नाही. गोंदाची वाफ डायलवर आणि काचेच्या आतून पांढरा थर सोडते, आणि पुढच्या दुरुस्तीला केसमधली खाच साफ होत नाही.

१५. चाचणी कशी करतात? घरी पेल्यात बुडवून चालेल?

नाही. पेल्यातल्या चाचणीत नापास होणं म्हणजे घड्याळ बुडणं.

कोरडी चाचणी सर्वांत सुरक्षित. यंत्र घड्याळाभोवती दाब किंवा निर्वात निर्माण करून केस किती मायक्रॉन दबते-फुगते ते मोजतं. गळती असेल तर केस हळूहळू मूळ आकारावर येते. ओल्या चाचणीत घड्याळ पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब देतात, थोडा वेळ थांबून पाण्यात उतरवतात आणि दाब कमी करत जातात. आत हवा शिरली असेल तर त्याच जागेतून बुडबुडे निघतात. बुडबुडे दिसताच घड्याळ पाण्याबाहेर उचलायचं. यात नेमकी जागा कळते, हा मोठा फायदा. पहिल्यांदा ओली चाचणी करताना मशीन काढून फक्त रिकामी केस यंत्रात घाला.

तिसरी चाचणी वाफेची. ती आयएसओ २२८१० या २०१० च्या मानकातही आहे: ४० ते ४५ अंशांवर गरम केलेल्या घड्याळाच्या काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात, आणि मिनिटभराने पुसून आतून धुकं धरलंय का पाहतात. धुकं म्हणजे आत ओल आहे.

१६. काचेखाली आत्ता वाफ दिसतेय. काय करू?

आजच उघडून घ्या. गंज सुरू व्हायला फार वेळ लागत नाही. तोवर चावी बाहेर ओढून ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ ओल नीट खेचत नाही आणि पीठ बटणांत जातं. हेअर ड्रायर नको, त्याने ओल वाफ होऊन मशीनच्या आणखी आत जाते. समुद्राचं पाणी असेल तर तासांची गोष्ट आहे. मशीन बाहेर काढून सेल लगेच काढला पाहिजे, कारण वीज आणि मीठ एकत्र आले की सर्किट खाल्लं जातं.

१७. बटणं पाण्याखाली का दाबू नयेत? रिंगा तर नव्या आहेत.

दाबताना दांडा रिंगेतून आत सरकतो आणि स्वतःबरोबर पाण्याची पातळ फिल्म नेतो. बाहेर येताना मळ नेतो. रिंग नवी असली तरी ही घासाघीस टळत नाही. हात ओला असतानाही बटण दाबू नये.

१८. चाचणीत पास झालं, तरी एसीत गेल्यावर किंवा थंडीत काचेखाली धुकं येतं. असं कसं?

हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये हमखास येतो, विशेषतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबईतून. घड्याळ गळत नाही. झाकण बंद केलं त्या वेळची दमट हवाच आत कोंडली गेली आहे. आता रिंगा चांगल्या आहेत म्हणून ती बाहेरही जात नाही. उपाय: कोरड्या एसी खोलीत झाकण काढून घड्याळ बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा आणि तिथेच बंद करा. पावसाळ्यात मी झाकण शक्यतो उघडतच नाही.

धुकं आतून नसून काचेच्या बाहेरून असेल तर काळजीचं कारण नाही. पुसून पाहा.

१९. पॉलिश करून घेऊ का? दुकानदार "नव्यासारखं करून देतो" म्हणतो.

या केसांना धारदार कडा आणि ब्रश केलेले पृष्ठभाग आहेत. बफच्या चाकावर ते गोल होतात आणि परत येत नाहीत. झाकण बसतं त्या कडेवर पॉलिश गेलं तर रिंग नीट दाबली जात नाही आणि पाणी शिरतं. मी पट्टा काढून कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने रिकामी केस धुतो, तिथेच थांबतो.

२०. डायल डागाळलीय. रंगवून घेऊ?

नको. मुंबईत रंगवलेल्या डायलची सीको आणि एचएमटी घड्याळं जगभरचे जमवणारे दुरूनच ओळखतात आणि टाळतात. डायलच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत मशीनचा आकडा छापलेला असतो. रंगवताना तो हमखास जातो.

२१. काट्यांवरचं रेडियम चमकत नाही. धोकादायक आहे का?

ते रेडियम नव्हे. ब्रिटिश हवाई दलाला १९८४ पासून दिलेल्या ७ए२८-७१२० च्या डायलवर वर्तुळातलं रोमन पी दिसतं, म्हणजे प्रोमेथियम, हाही किरणोत्सारी पदार्थ. त्याचं प्रमाण दर २.६ वर्षांनी निम्मं होतं. चाळीस वर्षांत ते १५ वेळा निम्मं झालं, म्हणजे सुमारे ३२,७६८ वा हिस्सा उरला. (क्वार्ट्झचे ३२,७६८ कंप सर्किट १५ वेळा निम्मे करूनच सेकंदाचा एक ठोका काढतं. हा योगायोग मला दर वेळी सुखावतो.) चमकवण्यासाठी नवा रंग लावू नका. जुना रंग भुसभुशीत असतो, त्याचे कण मशीनमध्ये पडतात.

२२. सगळं नवीन घातलं, तरी ओल्या चाचणीत एका बटणाजवळून बुडबुडे येतातच. आता?

रिंग उलगडून भिंगाखाली पाहा, चिरा किंवा पीळ असेल तर बदला. मग नळीत आतून प्रकाश टाका. लांबीच्या दिशेने ओरखडा किंवा गंजाचा खड्डा दिसला तर कोणतीही रिंग तो भरून काढत नाही. किंचित जाड रिंग घालून कधीकधी भागतं, पण बटण जड झालं आणि दाबल्यावर परत बाहेर येत नसेल तर पुन्हा मूळ मापाची घाला. माझ्या मामांच्या ७ए२८ चं ४ च्या जागचं बटण असंच आहे. केस बदलली तर मामांनी मागे कोरून घेतलेली तारीख जाईल, म्हणून मी ती बदललेली नाही. ते घड्याळ मी ऑक्टोबर ते मे घालतो. पहिला पाऊस पडला की ते सिलिका जेलच्या डब्यात जातं.